लोटत नेलेली गाडी

मी पोलिसात होते असं कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, मॅडम, तुम्ही कुणाला मारलं का हो? उत्तर ऐकून त्यांची निराशा होते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. मला त्याची गरजच पडली नाही. मी माणसांना नुसतं बोलून कबूल करायला लावायची, आणि त्यात माझा हात धरणारं ठाण्यात दुसरं कुणी नव्हतं.

ही बढाई मी बरीच वर्षं मारली. नातेवाइकांत मारली, बदली होऊन आलेल्या प्रत्येक साहेबांसमोर मारली, निरोपाच्या दिवशी सत्काराच्या भाषणात सुद्धा मारली. आज ती लिहिताना लाज वाटते. का वाटते ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं आहे. तालुक्याचं नाव लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं एक ठाणं, एवढं धरून चाला.

माझी शेवटची आठ-नऊ वर्षं कोर्ट पैरवीत गेली. बाहेरच्या लोकांना हे काम फारसं माहीत नसतं. ठाण्यात गुन्हा दाखल होतो, तपास होतो, कागद कोर्टात जातात. त्यानंतर तारखेला आरोपी हजर आहे का, साक्षीदार आले का, समन्स पोहोचलं का, जप्त केलेला माल आणला का, हे सगळं कोर्टात उभं राहून जो पोलीस बघतो तो पैरवीवाला. बाई माणूस म्हणून मला तिथे टाकलं, आणि जत्रेच्या बंदोबस्तात दिवसभर उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून मीही आनंदाने गेले. सकाळी डबा, फायलींची पिशवी आणि कोर्टाच्या व्हरांड्यातला एक लाकडी बाक, हे माझं ऑफिस.

या कामात खुनाच्या केसेस कमी आणि दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जास्त. मोटार वाहन कायद्यातलं कलम एकशे पंच्याऐंशी. आम्ही त्याला नुसतं ‘पंच्याऐंशी’ म्हणायचो. नाक्यावर गाडी अडवली, माणसाला मशीनमध्ये फुंकर मारायला लावली, आकडा जास्त आला की त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन डॉक्टरकडून तपासायचं, गाडी जप्त करायची आणि कोर्टाची तारीख द्यायची. त्या तारखेला तो माझ्या बाकावर यायचा.

या बाकावर मी काय काय नमुने पाहिले. एक निवृत्त मास्तर होते. त्यांना वाटायचं की कोर्टात बोलायचं म्हणजे पुस्तकातलं बोलायचं. जजसाहेबांनी विचारलं, दारू प्यायला होता का? मास्तर म्हणाले, प्राशन घडले होते, परंतु वाहनावर नियंत्रण अबाधित होते. साहेबांनी शांतपणे विचारलं, मग गाडी दूध डेअरीच्या पायरीवर कशी गेली? मास्तर म्हणाले, त्या क्षणी नियंत्रण किंचित शिथिल झाले होते. साहेबांनी मान खाली घालून लिहिलं, पण पेन हलत होता.

दुसरा एक बैलगाडीवाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. पोळा बैलांचा आणि कर माणसांची, असं आम्ही पोलीस लोक म्हणायचो, कारण मटण आणि दारू यांचा तो दिवस. त्या दिवशी एका नव्या शिपायाने उत्साहात बैलगाडीवाल्याला धरून आणलं. तो माणूस मला समजावून सांगत होता, ‘मॅडम, दारू म्या पेली. बैलं शुद्धीवर होते. गाडी तेच हाकलून राह्यले होते.’ हा कायदा मोटारीचा आहे, बैलांचा नाही, म्हणून त्याला तसाच सोडावा लागला. जाताना तो शिपायाला बैलांच्या पाया पडायला सांगून गेला.

आणि एक बाई. नवऱ्याबरोबर आली होती. साहेबांनी नवऱ्याला विचारलं, गुन्हा कबूल आहे का, तर तो बोलायच्या आत मागून हीच म्हणाली, त्याले कबूल आहे साहेब, त्याले आठ-पंधरा दिवस आतच ठेवा. सगळं कोर्ट हसलं. मीही हसले. ती मात्र हसली नव्हती, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

आता माझ्या कसबाचं सांगते. पंच्याऐंशीच्या केसमध्ये साहेब आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? आरोपी जे उत्तर देईल ते लिहून घेतात. नाही म्हटलं तर केस चालते. मग नाक्यावरचे पोलीस, डॉक्टर, पंच, सगळ्यांना बोलवायचं, दोन-तीन वर्षं तारखा पडत राहायच्या. हो म्हटलं तर त्याच दिवशी निकाल. दंड होतो, आणि बऱ्याचदा कोर्ट उठेपर्यंत कैद, म्हणजे संध्याकाळी साहेब उठेपर्यंत कोर्टातच एका बाजूला बसून राहायचं. हो म्हटलं की कोर्टाचा भार हलका, ठाण्याच्या कागदावर शिक्षा लागल्याची नोंद, आणि ठाण्याच्या साहेबांची वरच्या मीटिंगमध्ये मान ताठ. सगळ्यांची सोय होती. त्यामुळे हो म्हणवून घेणं हे काम कुणी न सांगता माझ्याकडे आलं होतं.

माझी पद्धत साधी होती. माणूस आला की त्याला बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं. गाव कोणतं, घरी कोण कोण, पोरगी कितवीला, असं विचारायचं. बाईसमोर दारूचा विषय निघाला की आमच्याकडचा माणूस तिथेच अर्धा संपतो. पोरीचं नाव निघालं की मी जरा थांबायची. मग हळूच म्हणायची, भाऊ, नाही म्हटलं तर दोन वर्षं या बाकावर येऊन बसावं लागते. तुमच्या गावचे लोक रोज कोर्टात येतात, कोणी ना कोणी पाहीलच. उद्या पोरीची सोयरीक निघते, तेव्हा ही गोष्टही निघते. एवढं झालं की माणूस शर्टाचं वरचं बटन लावायला लागायचा. ते बटन लागलं की मी समजायची, काम झालं. मग त्याला तोंड धुवून यायला सांगायची, साहेबांसमोर कसं उभं राहायचं ते शिकवायची. माझ्या हाताखालून गेलेला माणूस कोर्टात अडखळला नाही, असा माझा लौकिक होता.

मी काही वकील नव्हते. कुणी काय उत्तर द्यावं हे सांगायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण खाकी कपड्यातली बाई आपल्याला पाणी देते, पोरीची चौकशी करते, ती आपल्या भल्याचंच सांगत असणार, असं माणसांना वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं, कारण बहुतेक जण खरोखरच पिऊन गाडी चालवताना सापडलेले असायचे. मी स्वतःला हेच सांगत आले.

देविदास आला तो अशाच एका करीनंतर. वय तिशीच्या पुढे, अंगाने काटक, नजर सरळ. माणूस ड्रायव्हर होता. दुसऱ्याच्या मालवाहू गाडीवर रोजाने जायचा. त्याची फाईल मी आधीच पाहिली होती. मोटारसायकल, मशीनमधला आकडा बराच जास्त, आणि आमच्या हवालदारांनी नेहमीचं वाक्य लिहिलेलं: सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकल भरधाव चालवीत असताना मिळून आला.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. इथे मी अडखळते आहे, पण लिहिते. करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात चहा पिताना नाक्यावरच्या हवालदारांनीच ती हसत हसत सांगितली होती. आदल्या दिवशी दुपारनंतर नाक्यावर केसेस कमी पडत होत्या. चार-साडेचारला हा माणूस गाडी हाताने लोटत चालत आला. इंजिन बंद. चावी खिशात. स्वतःच म्हणाला, ‘साहेब, पेलो हाओ, म्हणून लोटून राह्यलो. ड्रायव्हर माणूस हाओ, पिऊन नाही चालवत.’ मित्राच्या शेतात करीचं जेवण होतं, तिथून त्याचं गाव तीनेक किलोमीटर, आणि तो अर्ध्याहून जास्त रस्ता गाडी लोटत आला होता. हवालदार म्हणाले, आपण होऊन नाक्यावर चालत आलेलं गिऱ्हाईक कोण सोडते? लिहून टाकला. सगळे हसले. मी चहाचा कप हातात घेऊन त्यांच्याबरोबर हसले.

तारखेच्या दिवशी माझ्याकडे पंच्याऐंशीच्या फायलींचा गठ्ठा होता. महिनाअखेर होती, आणि एकही केस मागे राहू नये असं ठाण्याच्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. दुपारपर्यंत सगळे ‘हो’ म्हणून मोकळे झाले होते. शेवटचा देविदास. मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्याने पाणी घेतलं आणि पहिलंच वाक्य बोलला, ‘मॅडम, म्या गाडी चालवत नव्हतो. लोटत नेत होतो.’

मी म्हटलं, ‘सगळेच लोटत असतात, भाऊ.’

हे मी त्याला म्हटलं. मला माहीत असताना म्हटलं.

तो चिडला नाही. त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. सरकारी खात्यात ड्रायव्हरची भरती निघाली होती, त्यात त्याचं नाव लागलं होतं. चाचणी झाली होती, वैद्यकीय बाकी होतं. वय भरतीच्या मर्यादेच्या काठावर होतं, पुन्हा संधी नव्हती. त्याचे वडील माळकरी, नाव लागल्याचं कळलं त्या दिवशी शेगावला जाऊन पेढे ठेवून आले होते. त्याला मला एकच विचारायचं होतं. कबूल केलं तर या नोकरीला काही अडचण येईल का?

त्या घटकेला मी काय करायला हवं होतं हे मला आज पाठ आहे. म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही, समोरच्या खोलीत वकील बसतात, त्यांना विचार. किंवा नुसतं एवढंच की तू नाही म्हण. एवढ्याने तो वाचला असता. गाडी लोटणं म्हणजे चालवणं नव्हे, हे कुठल्याही वकिलाने सांगितलं असतं. त्याऐवजी मी गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, ‘दंडाची केस आहे. काही होत नाही. उगा वकील लावून बसशील तर भरती आहे तोवर तारखाच चालतील. मंग कागदावर केस चालू आहे असं दिसेल, ते जास्त वाईट.’

हे शेवटचं वाक्य मी कुठून आणलं मला माहीत नाही. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्याने वरचं बटन लावलं.

जजसाहेबांनी आरोप वाचला. देविदासने कबूल म्हटलं. हे जजसाहेब नेमस्त होते, प्रत्येकाला न चुकता विचारायचे, हे तुम्ही स्वखुशीने सांगता आहात ना, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? देविदासने उत्तर देण्याआधी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. साहेब तेव्हा खाली बघून लिहीत होते. तो म्हणाला, नाही साहेब, कोणाचा दबाव नाही.

दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. तो भिंतीशी बसून राहिला. त्याच्या गावचा एक माणूस फेरफाराच्या केससाठी आला होता, तो त्याच्याकडे बघून गेला. मी माझी फाईल बंद केली आणि ठाण्यात फोन करून सांगितलं, एकही बाकी नाही.

काही महिन्यांनी त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात आला. सरकारी नोकरीत घेण्याआधी त्या माणसावर गुन्हे आहेत का, शिक्षा झाली आहे का, हे पोलिसांना विचारतात. कोर्टाच्या निकालांचं रजिस्टर माझ्याकडे असल्याने ते उत्तर लिहायचं कामही माझंच. कागदावर देविदासचं नाव होतं. रजिस्टर उघडलं. नोंद माझ्याच अक्षरात होती. मी उत्तराच्या रकान्यात लिहिलं: दारूच्या नशेत वाहन चालविल्याच्या गुन्ह्यात दोषी, गुन्हा कबूल. खोटं लिहिता येत नव्हतं. आणि खरं काय ते लिहायला त्या कागदावर जागा होती, पण माझ्यात हिंमत नव्हती. ठाण्याच्या साहेबांनी न वाचता सही केली.

ड्रायव्हरच्या नोकरीला नेमका हाच गुन्हा. त्याला नकाराचं पत्र आलं. त्याच्या आधीच आरटीओने काही महिन्यांसाठी लायसन्स निलंबित केलं होतं, त्यामुळे मालवाहू गाडीवरचं रोजाचं कामही गेलं होतं. ही दुसरी गोष्टही मी त्याला बाकावर सांगितली नव्हती. त्याने विचारली नव्हती, हे माझं त्या वेळचं उत्तर.

तो पत्र घेऊन कोर्टात मला शोधत आला. मला वाटलं आता आरडाओरडा करेल. तो म्हणाला, ‘मॅडम, तुमी म्हणाल्या होत्या काही होत नाही.’ एवढंच. रागाने नाही, खरोखर विचारत होता, जसं काही माझ्याकडे अजून एखादं उत्तर असेल आणि मी ते द्यायचं विसरले असेन.

तोवर त्याने वकील गाठला होता. वकिलाने सांगितलेलं त्याने मला नीट सांगितलं. स्वतः कबूल केलेल्या गुन्ह्यावर साधं अपील चालत नाही, शिक्षा जास्त झाली एवढीच तक्रार करता येते. तरी बुलढाण्याला वरच्या कोर्टात एक अर्ज करून बघता येईल. पण तिथे पहिलाच प्रश्न येईल की चालवत नव्हतास तर कबूल का केलंस? यावर त्याचा नुसता शब्द पुरणार नाही. कबूल कर असं त्याला सांगितलं गेलं आणि तो गाडी लोटत होता हे पोलिसांनाही माहीत होतं, असं सांगणारं कुणी पाहिजे. हवालदार सांगणार नाहीत हे उघड होतं. म्हणून तो माझ्याकडे आला होता. मला हवालदारांचं बोलणं माहीत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की बाकावर काय बोलणं झालं ते मी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं.

माझ्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. आरोपीला काय उत्तर द्यायचं हे पोलिसाने सांगितलं असं लिहून दिलं की खात्याची चौकशी लागते. चौकशी चालू असताना निवृत्त झालं की पेन्शन अडकते. शिवाय ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्या हवालदारांचं नाव निघणार. मी त्याला म्हटलं, बघते. पोलिसाच्या तोंडून ‘बघते’ ऐकलं की वकील लोक फाईल बंद करतात. देविदासला ते माहीत नव्हतं. तो तीन वेळा येऊन गेला. तिसऱ्या वेळी मी त्याला व्हरांड्याच्या टोकाला पाहिलं आणि रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसले. तो जाईपर्यंत बाहेर आले नाही. रेकॉर्डरूमचा कारकून मला विचारत होता, मॅडम काय शोधता, आणि मी एका जुन्या रजिस्टरची पानं उलटत होते.

निवृत्त झाले, पेन्शन वेळेवर सुरू झाली. मी चिखलीला माझ्या घरी राहायला आले. सकाळी फिरायला जाते, गुरुवारी देवळात जाते, शेजारच्या बायका मला मान देतात. देविदास मनातून गेला होता असं म्हणणार नाही, पण रोज यायचा असंही नाही.

गेल्या वर्षी आठवडी बाजारात भाजी घेत होते. समोर एक पिकअप उभी होती, त्यातून एक माणूस टमाट्यांचे कॅरेट उतरवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, नमस्कार मॅडम. तोच. केस पांढरे व्हायला लागले होते. कुणाची तरी गाडी चालवत होता, माल स्वतःच चढवत-उतरवत होता. माझ्या हातातली पिशवी घेऊन तो मला ऑटोपर्यंत सोडायला आला. त्या पन्नास पावलांत मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी निदान मान खाली घालून उभी तरी राहिले असते.

ऑटोपाशी मी एका दमात सांगून टाकलं. मी आता प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे. पेन्शनचं जे व्हायचं ते होवो. गाडी तू लोटत होतास हे मला तेव्हाही माहीत होतं, हवालदारांनीच सांगितलं होतं, तेही लिहून देते. हे शेवटचं ऐकून तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते आत्ता पहिल्यांदा कळत होतं.

म्हणाला, ‘आता काय फायदा मॅडम. भरतीचं वय तर कधीचंच निघून गेलं.’ मग पिशवी ऑटोत ठेवता ठेवता म्हणाला, ‘कोर्टाचं राहू द्या. एक डाव घरी येऊन बाबाले सांगा.’

मला आधी समजलं नाही. मग त्याने सांगितलं. वडिलांनी त्याच्यावर कधी विश्वासच ठेवला नाही. ते म्हणायचे, दारू पिऊन गाडी चालवली, जजसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आता लोटत होतो म्हणते. म्हाताऱ्याचं म्हणणं, देवासमोर आणि जजसमोर माणूस खोटं कबूल कशाला करेल? त्या दिवसापासून वडील त्याच्या गाडीवर बसले नव्हते. शेगावला दर्शनाला जायचं तर फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघायचे, मुलगा समोरून रिकामी गाडी घेऊन गेला तरी. नोकरी गेल्याचं त्याला दुःख होतंच. पण तो त्याबद्दल फार बोलला नाही. जे काही बोलला ते याच्याबद्दल.

मी ठरवलेल्या दिवशी गेले. एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. लहान घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, बाजूला मेथीचे वाफे. त्याच्या बायकोने चटई टाकली आणि दारात उभी राहिली. वडील ओट्यावर बसले होते, गळ्यात माळ, मांडीवर टोपी. पोलिसातल्या बाई आल्या म्हणून ते उठून उभे राहिले. मी त्यांना बसवलं. बाकावर मी लोकांना जसं पाणी द्यायची तसंच मला त्या घरात पाणी दिलं गेलं, आणि मी ते तसंच बाजूला ठेवलं.

मी सांगितलं. नाकाबंदी, लोटत आणलेली गाडी, बंद इंजिन, हवालदारांचं हसणं, सगळं. मी त्यात हसले होते हेही सांगितलं.  माझं संपल्यावर म्हाताऱ्याने माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहिलं.

‘लोटत आणली होती तू?’

देविदास म्हणाला, ‘हाव बाबा.’

‘मंग मले काऊन नाही सांगतलं?’

‘सांगतलं होतं. तुमी म्हणले, कोर्टात कबूल केलं ना.’

 दारातली बायको पदराने डोळे पुसत आत गेली. म्हाताऱ्याने मला विचारलं, अगदी हळू, ‘मॅडम, याले कबूल कर म्हणून कोणं सांगतलं?’

मी म्हटलं, ‘म्या.’

मला वाटलं आता ते मला ऊठ म्हणतील. तीच तयारी करून मी गेले होते. त्यांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली, पुन्हा काढली. म्हणाले, ‘तुमी पोलिस. तुमचं त्यानं ऐकलं, त्यात त्याचं काय चुकलं? त्याचं ऐकणारा घरात म्या होतो. म्या नाही ऐकलं.’

असं म्हणून ते रडायला लागले. देविदास त्यांच्याजवळ जाऊन बसला. दोष माझा होता, म्हातारा तो माझ्यासमोर स्वतःच्या अंगावर घेत होता. नाही हो, तुमचं काही चुकलं नाही, सगळं माझंच आहे, एवढं म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी समोर बसून होते. माझ्या तोंडून ते निघालं नाही. थोड्या वेळाने मी पिशवी उचलली, येते म्हणाले, आणि त्यांनी तो दोष तसाच ठेवून घेतला.